दक्षिण इंग्लंडमध्ये फोटो काढायचेत? आधी सूर्य कुठे आहे ते बघा

पुण्याहून आमच्याकडे येणारे पाहुणे पहिल्या चार दिवसांत हजारभर फोटो काढतात आणि पाचव्या दिवशी वैतागतात. चर्च मागे कलंडलेलं, आभाळ धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखं पांढरं, आणि इमारतीची जी बाजू हवी होती नेमकी तीच काळोखात. मग फोनला दोष, इंग्लंडच्या हवेला दोष. हवेचा दोष असतोच थोडा, पण खरी गोची वेगळी आहे. आपला डोळा आपल्याकडच्या उन्हाला सरावलेला असतो, आणि इथलं ऊन निराळ्या वाटेने येतं. ते एकदा समजलं की बाकीचं सोपं आहे. म्हणून पाहुण्यांना मी हल्ली विमानतळावरून घरी येतानाच हे सगळं सांगायला सुरुवात करतो. गाडीत त्यांना पळून जाता येत नाही.

पहिली पायरी: तारीख ठरवा, म्हणजे ऊन ठरेल

दक्षिण इंग्लंड साधारण ५१ अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. डिसेंबरच्या भर दुपारी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो, इथे जेमतेम १५-१६ अंशांवर. माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साडेतीनपट पडते. म्हणजे आपण ज्याला संध्याकाळचं तिरकं ऊन म्हणतो ते इथे थंडीत दिवसभर असतं, ढग परवानगी देतील तेव्हा. दिवस मात्र आठच तासांचा: सकाळी आठनंतर उजाडतं, दुपारी चारच्या सुमारास मावळतं.

जूनमध्ये उलट. सूर्य पहाटे पाचच्या आधी ईशान्येला उगवतो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास वायव्येला मावळतो. दुपारी तो ६२ अंशांपर्यंत चढतो. जूनचं चांगलं ऊन हवं असेल तर पहाटे चारला उठा, नाहीतर रात्रीचं जेवण लवकर उरकून परत बाहेर पडा. सहलीच्या बसने येणाऱ्यांचं इथेच फसतं. बस सकाळी नऊला लंडन सोडते, अकरा ते चारच्या कडक उन्हात तीन ठिकाणं दाखवते आणि उजेडाला रंग चढायच्या आत परत फिरते.

मला विचाराल तर एप्रिलअखेर ते मेअखेर, किंवा ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये जंगलात ब्लूबेलची निळी फुलं असतात, मोहरीच्या जातीच्या पिकाने शेतं पिवळी होतात, आणि एप्रिलअखेरीस तरी सूर्योदयासाठी झोप पूर्ण मोडावी लागत नाही. ऑक्टोबरात सकाळी दऱ्यांमध्ये धुकं साचतं. डॉर्सेटमधला कॉर्फ कॅसल तेव्हाच बघावा. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४६ साली, पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी हा किल्ला पाडला. उरलेले सुळके टेकडीवर उभे आहेत. गावाबाहेरच्या पश्चिमेकडच्या टेकडीवर उजाडायच्या आधी चढून बसलात तर खाली धुकं, वर किल्ला, आणि त्यामागून सूर्य. हा योग दर वेळी जुळत नाही. मी तीनदा गेलो, एकदा जुळला.

घड्याळाची एक भानगड लक्षात ठेवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्या आठवड्यात सूर्यास्ताचा अंदाज हमखास चुकतो.

दुसरी पायरी: इमारतीचं तोंड कुठे आहे?

आपली बहुतेक देवळं पूर्वेकडे तोंड करून असतात, म्हणून सकाळी गेलं की दर्शनी भागावर ऊन मिळतं. इथली जुनी कॅथेड्रल्स, म्हणजे बिशपची मोठी चर्च, उलटी समजा. वेदी पूर्वेला, मुख्य दर्शनी भिंत पश्चिमेला. म्हणजे ज्या भिंतीवर सगळे पुतळे आणि कोरीवकाम आहे तिच्यावर दुपारनंतरच ऊन येतं. सॉमरसेटमधल्या वेल्स (Wells) या गावच्या कॅथेड्रलच्या पश्चिम भिंतीवर सुमारे ३०० मध्ययुगीन मूर्ती आहेत. सकाळी दहाला त्या सपाट, राखाडी दिसतात. दुपारी चारला प्रत्येकीच्या नाकाची सावली वेगळी दिसते.

यातून एक साधा नियम निघतो: सकाळी आत, दुपारनंतर बाहेर. पूर्वेकडच्या रंगीत काचांमधून सकाळचा उजेड आत येतो, तेवढ्यात आतलं उरकून घ्या. उत्तरेकडच्या भिंतीचा थंडीत नाद सोडा, तिथे सूर्य येतच नाही. ठिकाणाचं नाव ठरलं की नकाशा उघडा, उत्तर कुठे ते बघा, आणि कागदावर "सकाळ" किंवा "दुपार" एवढंच लिहा. सूर्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, पण हे पाच मिनिटांचं काम त्यांच्यावाचूनही होतं.

तिसरी पायरी: मुक्काम एका जागी, ठिकाणं कमी

पहिल्या खेपेला सॉल्सबरीत दोन रात्री राहा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून गाडीने साधारण दीड तास. स्टोनहेंज, म्हणजे प्राचीन काळातलं प्रचंड दगडांचं वर्तुळ, तिथून जवळ आहे, स्टेशनवरून बस मिळते. गावात राहिलात की संध्याकाळचा आणि पहाटेचा उजेड तुमचा, आणि बसने आलेली गर्दी परत गेलेली.

बॅगेबद्दल फार लिहीत नाही. फोन असेल तर फोन चालेल. कॅमेरा असेल तर २४ ते १०५ मिलिमीटरसारखी एकच लेन्स पुरते. नुसती वाइड लेन्स आणू नका, इथली लांबची दृश्यं तिच्यात मुंगीएवढी होतात. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती लवकर उतरते. आणि लेन्स पुसायची चार फडकी घ्या. एक नव्हे, चार. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो दिवसभर भुरभुरतो, आणि तिसऱ्या पुसण्यात फडकं ओलंचिंब होतं. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं. समुद्राजवळ छत्री उलटी होते, आणि ती धरायला हात तरी कुठे मोकळा असतो.

चौथी पायरी: सॉल्सबरीत हात बसवा

सॉल्सबरीचं कॅथेड्रल नवशिक्यांसाठी सर्वांत चांगली शाळा आहे. मुख्य इमारत १२२० ते १२५८ या अवघ्या ३८ वर्षांत उभी राहिली, त्यामुळे ती एका हाताची वाटते. शिखर नंतर चढवलं. ते १२३ मीटर उंच आहे, ब्रिटनमधल्या चर्चांत सर्वांत उंच. आणि इथेच पहिली अडचण येते, ती म्हणजे हे सगळं फोटोत मावत नाही.

नवखा माणूस भिंतीजवळ उभा राहतो आणि फोन वर करतो. फोन मागे कलला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि इमारत पाठीवर पडतेय असं वाटतं. उपाय असा. फोनमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करा. फोन भिंतीसारखा सरळ उभा धरा. शिखर कापलं गेलं तर मागे सरका. अजून कापलं गेलं तर अजून मागे. कॅथेड्रलभोवतीची हिरवळ त्यासाठीच आहे असं समजा. खाली गवत जास्त येईल, येऊ द्या, नंतर कापता येतं. शक्य तितकं लांब जाऊन फोनची २एक्स लेन्स वापरलीत तर प्रमाणं डोळ्याला दिसतात तशी येतात. उरलेला कल नंतर एडिटिंगमध्ये सरळ होतो, पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून चारी बाजूंना थोडी जागा सोडूनच फोटो घ्या.

मग संध्याकाळी गावाच्या पश्चिमेला, क्वीन एलिझाबेथ गार्डन्सपासून हार्नमच्या जुन्या गिरणीकडे जाणाऱ्या टाउन पाथवर चला. दोन्ही बाजूंना पाणथळ कुरणं, त्यात बहुधा मेंढ्या, आणि पलीकडे एकटं शिखर. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८३१ साली याच कुरणांच्या बाजूने कॅथेड्रल रंगवलं, वादळी ढग आणि इंद्रधनुष्यासकट. तुमचं तोंड पूर्वेकडे आणि मावळता सूर्य पाठीशी असतो. नुकती सर येऊन गेली असेल आणि पश्चिम उघडली असेल तर हलू नका. काळ्या ढगांवर उजळलेला दगड पाच मिनिटं दिसतो, आणि इंद्रधनुष्य पडलंच तर ते तुमच्या समोरच पडतं, कारण ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतं. पाऊस थांबला की लोक चहाला जातात. तुम्ही थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत. बाहेर थंडी आणि आत ऊब असली की लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, पुन्हा धरते. दहा मिनिटं बाकावर बसा. फ्लॅश बंद. ट्रायपॉड विचारल्याशिवाय उघडू नका. एका प्रार्थनास्थळात मी तो न विचारता उघडला आणि एका आजींनी इतक्या मायेने झापलं की आजही कान गरम होतात. खांबाला खांदा टेकवा, कोपरं पोटाशी धरा, श्वास सोडताना बटण दाबा. कॅमेरा असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

मधोमध विल्यम पाय यांनी घडवलेलं बाप्तिस्म्याचं कुंड आहे, २००८ सालचं. पाणी काठोकाठ आणि इतकं स्थिर की वरच्या कमानी त्यात उलट्या दिसतात. फोन उलटा धरून लेन्स पाण्याच्या पातळीजवळ आणा, प्रतिबिंब दुप्पट मोठं येतं. मनगटात दोरी अडकवूनच हे करा. नंतर शिखराखालच्या संगमरवरी खांबांकडे नीट बघा. शिखराच्या भाराने ते किंचित वाकले आहेत. हे नवख्यांना आवर्जून सांगतो, कारण घरी गेल्यावर ते लेन्सची चूक समजून खांब सरळ करायला बसतात.

प्रार्थना चालू असताना फोटो नाहीत. संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं. फोन खिशात ठेवून बसा, तो अर्धा तास फुकट जात नाही.

पाचवी पायरी: स्टोनहेंज, गर्दीसकट

नेहमीच्या तिकिटावर दगडांच्या आत जाता येत नाही, भोवतीच्या वाटेवरून बघायचं असतं. खूप जण यानेच हिरमुसतात. फोटोसाठी मात्र ही सोयच आहे, कारण वर्तुळाच्या आत कुणीच नसतं. त्रास होतो तो पलीकडच्या वाटेवरच्या रंगीबेरंगी जाकिटांचा. एका जागी खिळू नका. सावकाश चालत राहा, कुठेतरी मोठे दगड त्या रांगेला झाकतात. तिथे गुडघ्यावर बसा आणि कॅमेरा गवताच्या पातळीवर आणा. माणसं दडतात आणि दगड आभाळावर चढतात.

यात एक गंमत आहे. उन्हाळ्यात सूर्यास्त रात्री साडेनऊला, तोवर फाटक बंद. डिसेंबरात सूर्यास्त चारच्या सुमारास, म्हणजे दर्शनाच्या वेळेतच. शिवाय या वर्तुळाची मांडणीच अशी आहे की वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय आणि सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त एकाच रेषेवर येतात. गार वाऱ्याची तयारी असेल तर थंडीतल्या दुपारचं तिकीट काढा. मात्र शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी असतो आणि दगड तिकीटघरापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहेत; बस असली तरी वेळ जातो. वर्तुळाच्या आत जाण्यासाठी पहाटे किंवा संध्याकाळी वेगळी, महाग तिकिटं असतात. ती खूप आधी संपतात.

सहावी पायरी: खडूचे कडे

ससेक्सच्या किनाऱ्यावरचे सेव्हन सिस्टर्स हे पांढरे कडे पोस्टकार्डावर दिसतात ते सीफर्ड हेडच्या बाजूने, तटरक्षकांची जुनी कौलारू घरं पुढे घेऊन. लंडनहून रेल्वेने सीफर्डला या आणि तिथून चालत जा. किंवा ब्रायटन ते ईस्टबोर्न धावणारी १२ नंबरची बस घ्या.

कड्यांचं तोंड साधारण दक्षिण-नैर्ऋत्येला आहे. तुम्ही पश्चिमेकडून बघत असता, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन तुमच्या मागून कड्यांवर पडतं. थंडीत सूर्य नैर्ऋत्येलाच मावळतो, म्हणून शेवटपर्यंत कडे उजळलेले राहतात आणि मावळताना गुलाबी होतात. जूनमध्ये सूर्य वायव्येला सरकतो आणि शेवटच्या तासात कड्यांचं तोंड सावलीत जातं. तेव्हा उन्हाळ्यात पाच ते सात हीच वेळ धरा, सूर्यास्ताची वाट बघू नका.

पांढऱ्या रंगाने कॅमेरा फसतो. चौकटीत खडू जास्त असला की तो फोटो काळवंडवतो आणि कडे मळकट येतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण पायरी (स्टॉप) वाढवून बघा. कड्यावर थेट ऊन असेल तर मात्र वाढवू नका, कारण मग खडूतल्या भेगा पुसल्या जातात. फोनवर कड्यावरच बोट टेकवा आणि भेगा दिसेपर्यंत उजेड कमी करा.

आता गंभीर बोलतो. हा खडू ठिसूळ आहे. वरून गवत सलग दिसतं, खाली ते अधांतरी असू शकतं. पाऊस किंवा गारठ्यानंतर मोठमोठे तुकडे अचानक खाली येतात. समुद्र किती झपाट्याने जमीन खातो याचा नमुना बेल टाउट दीपगृह: १९९९ साली अख्खी इमारत रुळांवर चढवून १७ मीटर मागे सरकवावी लागली. कड्याच्या टोकापासून चांगले लांब राहा, आणि सेल्फीसाठी पाठमोरं सरकणं तर नकोच. खाली किनाऱ्यावर उतरलात तर कड्याच्या पायथ्याशी बसू नका आणि भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा. भरती आली की परतीची वाट बुजते.

वाटांबद्दल: पिवळ्या बाणाची पाटी म्हणजे खाजगी शेतातूनही चालायचा हक्क. फाटक उघडलंत की लावा, मेंढ्या असतात.

ब्रायटनला जाणं झालंच तर रॉयल पॅव्हिलियन दुपारी बघाल, जॉन नॅशने १८१५ ते १८२२ दरम्यान घुमट-मिनार चढवलेला तो राजवाडा. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले त्यांना शहराबाहेर डाउन्स नावाच्या खडूच्या टेकड्यांवर अग्नी दिला गेला, आणि त्या जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली. इंग्रजीतही तिचं नाव छत्रीच आहे. वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्या माणसाला तो शब्द कुणी समजावून सांगायला नको. पॅचमच्या बाजूने चालत जावं लागतं, म्हणून गर्दी नसते. खालच्या उतारावरून लांब लेन्सने घ्या, म्हणजे हिरव्या टेकडीवर पांढरा घुमट एकटा राहतो. तिथे चढून, टेकून फोटो काढू नका. पुढ्यातल्या ग्रॅनाइटच्या तीन लाद्या चितांच्या जागेवर आहेत.

सातवी पायरी: काय चालतं, काय नाही

सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला इथे परवानगी लागत नाही. मात्र गवताची छपरं आणि गुलाबाच्या वेली असलेल्या ज्या घरांचे फोटो आपण काढतो त्यांत लोक राहतात. अंगणात पाऊल नको, खिडकीला नाक लावणं नको. शाळेच्या मुलांचे, चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांचे फोटो नकोत. नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या वास्तूंत स्वतःसाठी, फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय फोटो सहसा चालतात. दारातल्या स्वयंसेवकाला विचारा, तो वर एखादी चांगली जागाही सांगतो. ड्रोन घरी ठेवा. ट्रस्टच्या आणि इंग्लिश हेरिटेज या तशाच संस्थेच्या जमिनीवरून परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या बहुतेक जागा गेल्याच.

रोज रात्री झोपण्याआधी दोन कामं: फोटोंची दुसरी प्रत, आणि दिवसभरातले फक्त दहा निवडणं. दहा निवडताना आपण सकाळी काय चुकलो ते दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी ती जागा जवळ असते.

आठवी पायरी: ढगाळ दिवसाचं काय करायचं

असे दिवस येणारच. आभाळ पांढरं असलं की आभाळ फोटोत घेऊ नका, एवढंच. दारं, कमानी, पायऱ्या, दगडावरचं शेवाळ यांना तोच मऊ उजेड मानवतो. बाथला जा. तिथला मधाच्या रंगाचा दगड ओला झाला की आणखी गडद होतो. रॉयल क्रेसेंटची ३० घरांची चंद्रकोर पॅनोरमात घेऊ नका, चंद्रकोर सरळ होते आणि सगळी मजा जाते. पुढच्या हिरवळीच्या एका टोकाला जाऊन वळण येईल असं घ्या.

आणि पाऊस अगदीच हटत नसेल तर लेकॉक. विल्टशरमधलं हे गाव जवळजवळ अख्खं नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथल्या अ‍ॅबीत, म्हणजे जुन्या मठाच्या वाड्यात, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट राहायचा. घरात जागोजागी तो लाकडी डबे, म्हणजे त्याचे कॅमेरे, मांडून ठेवायचा. बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्यातल्या एका डब्याने दक्षिणेकडच्या दालनातली एक जाळीदार खिडकी टिपली. टपालाच्या तिकिटाएवढा तो कागद म्हणजे आज जगात शिल्लक असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह. भिंगातून पाहिलं तर सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, असं त्याने लिहून ठेवलंय.

ती खिडकी अजून तिथेच आहे. तिचा फोटो काढून बघा, अवघड आहे. काचांवर बोट टेकवलंत तर खोली काळी होते, खोलीवर टेकवलंत तर काचा पांढऱ्या होऊन नाहीशा होतात. टॅल्बटने खोली सोडून दिली आणि काचा धरल्या. आधी तसाच एक घ्या. मग फोनचा एचडीआर (उजळ आणि काळोखा भाग दोन्ही टिपणारी सोय) चालू करून दुसरा घ्या, आणि मागे रांग लागली नसेल तर काचा मोजा.